वरुडचा संत्रा आणि बेनापोलचा नाका: एक प्रकरण अभ्यास

प्रकरण वरवर साधे आहे. बांगलादेशाने परदेशी फळांवरचा कर वाढवत नेला आणि अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याचा भाव बसला. २०१९ च्या सुमारास किलोमागे २० टका (टका हे बांगलादेशाचे चलन) असलेला कराचा बोजा २०२३ च्या हंगामात ८८ टक्यांवर गेला. भारतातून तिकडे जाणारा संत्रा २०२०-२१ मध्ये सुमारे १ लाख ४१ हजार टन होता, तो २०२२-२३ मध्ये ६३ हजार टनांच्या आसपास उतरला.

इथवरची गोष्ट वर्तमानपत्रांतून येऊन गेली आहे. मला हे प्रकरण लिहावेसे वाटले ते वेगळ्या कारणाने. भारत आणि बांगलादेश एकाच समुद्राचे, बंगालच्या उपसागराचे शेजारी. दक्षिण आशियाई देशांची सार्क आणि उपसागराभोवतीच्या देशांची बिमस्टेक या दोन्ही संघटनांत ते एकत्र बसतात. एक मुक्त व्यापार करार दोघांना लागू आहे, दुसरा दोन दशकांपासून वाटेत आहे. एवढा मांडव घातलेला असताना एका नाशवंत फळावरचा कर चार वर्षांत चौपटीहून जास्त वाढतो आणि त्याला अडवायला यातले काहीच पुरे पडत नाही. का पडत नाही, हे बघायचे तर ढाक्याच्या आधी बागेत जावे लागते.

बागेतला सौदा

आंबिया बहार म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुटलेली फुले आणि ऑक्टोबर ते डिसेंबरात तोडणीला येणारी फळे. मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. वरुड-मोर्शीकडे शेतकरी स्वतः संत्रा तोडून बाजारात नेतो असे फार थोड्या घरांत होते. बहुतेक बागा झाडावरच विकल्या जातात. व्यापारी येतो, दोन ओळींतून चालत जातो, फांद्या हलवून फळाचा अंदाज घेतो, पाच-सात फळे तोडून साल दाबून बघतो, एक सोलून चाखतो. मग धुऱ्यावर बसून भाव ठरतो आणि हातात इसार पडतो. कागद होत नाही, झाला तर वहीच्या पानावर. तोडणी, कॅरेट, प्रतवारी, गाडी हे सगळे त्यानंतर व्यापाऱ्याच्या अंगावर.

२०२३ च्या आंबियात अनेक बागांत असे झाले की इसार देऊन गेलेला व्यापारी तोडणीच्या वेळी परत आला तो भाव पाडायलाच. बोलणे साधारण या वळणाचे:

"काका, बांगलाले गाडी चालून नाई राह्यली. ड्युटी अठ्ठ्याऐंशीवर गेली. ठरल्या भावानं माल उचलला तर मी खाली बसतो."

"मंग इसार देल्ला तवा ड्युटी नोती का, भाऊ?"

"होती ना. पर एवढी नोती."

आता काका काय करणार? फळ झाडावर पिवळे झाले आहे, गळ सुरू आहे, पुढच्या बहारासाठी झाड लवकर मोकळे व्हायला हवे. दुसरा व्यापारी आणायचा तर तोही हेच सांगणार. सौदा मोडायची धमकी दोन्ही बाजूंनी देता येते, पण फळ एकाच बाजूचे सडते.

ठळक, रंगदार, मोठे फळ देशातल्या बाजारांत जातेच. बांगलादेश महत्त्वाचा होता तो मधल्या मालासाठी. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, चवीला तोड नाही, पण निर्यातीच्या दृष्टीने हे अवघड फळ आहे. साल सैल, फळात बिया, आणि तोडल्यावर टिकाव कमी. युरोपला, आखाताला बी नसलेले, घट्ट सालीचे, एकसारख्या आकाराचे फळ हवे असते. बंगाली गिऱ्हाइकाला मात्र हाच संत्रा पिढ्यान्पिढ्या माहीत आहे आणि वरुडहून निघालेला ट्रक नागपूर, रायपूर, कोलकाता करत रस्त्यानेच पेट्रापोलच्या नाक्यावर पोचतो. पलीकडे बांगलादेशातले बेनापोल. अंतर बाराशे किलोमीटरहून जास्त, तरीही परदेशातले हेच गिऱ्हाईक सर्वांत जवळचे. ते गेले की मधला माल देशातल्या मंड्यांत लोटला जातो आणि मग चांगल्या मालाचाही भाव खाली येतो. चुरी, म्हणजे बारीक फळ, तर कोणी विचारत नाही. रस काढणारे कारखाने आपल्याकडे मागणीच्या मानाने फार थोडे.

पीक बदला, असा सल्ला देणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. झाड लावल्यापासून व्यापारी फळ यायला पाच-सहा वर्षे जातात. वरुड आणि मोर्शी हे दोन्ही तालुके भूजलाच्या अतिउपशात गणले गेले आहेत, बोअर शेकडो फूट खाली गेले आहेत. त्या पाण्यावर वाढवलेली बाग एका हंगामाच्या करासाठी कोणी उपटत नाही.

८८ टक्यांची फोड

गावात हा आकडा "अठ्ठ्याऐंशी रुपये" म्हणूनच फिरला. टका रुपयापेक्षा स्वस्त. त्या वेळच्या दराने ८८ टके म्हणजे साधारण ६६ रुपये. तेही काही कमी नाहीत, फळाच्या बागेतल्या किमतीपेक्षा ते जास्तच भरतात. पण खरी गंमत पुढे आहे.

किलोमागे अमुक टका असा कर कायद्यात लिहिलेला नसतो. बांगलादेशाचे सीमाशुल्क खाते फळाचे एक किलोमूल्य धरते आणि त्यावर एकावर एक सहा कर चढतात. जानेवारी २०२५ मध्ये ताज्या फळांवर हे थर कसे होते ते मांडून बघू. माल १०० टक्यांचा धरा. त्यावर मूळ सीमाशुल्क २५ टक्के, म्हणजे २५ टके. नियामक शुल्क २० टक्के, म्हणजे २०. झाले १४५. या १४५ वर पूरक शुल्क ३० टक्के, म्हणजे साडेत्रेचाळीस. झाले १८८.५. त्यावर मूल्यवर्धित कर १५ टक्के, आगाऊ कर ५ टक्के, आणि मूळ १०० वर आगाऊ प्राप्तिकर १० टक्के. सगळी बेरीज १३६.२. शंभराच्या फळावर एकशेछत्तीस कर. त्याच महिन्यात पूरक शुल्क २० वरून ३० टक्के केले होते. त्याआधी हीच बेरीज ११८.८ होती. एका थरात दहा टक्के वाढवले की शेवटी जवळजवळ साडेसतरा का वाढतात, ते या चढणीवरून कळते. वरचा प्रत्येक थर खालच्या थरावरही कर घेतो.

आता साफ्टाकडे वळू. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्राचा हा करार जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादला झाला आणि १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. त्याचा सगळा रोख मूळ सीमाशुल्क उतरवण्यावर. शिवाय प्रत्येक देशाला आपली संवेदनशील यादी ठेवायची मुभा. समजा उद्या ढाक्याने मोठ्या मनाने संत्र्यावरचे मूळ सीमाशुल्क शून्य केले. वरचे गणित पुन्हा करा: १०० वर नियामक २०, मग १२० वर पूरक ३६, मग १५६ वर उरलेले दोन, आणि शेवटी १०. बेरीज ९७.२. म्हणजे करार शंभर टक्के पाळूनही शंभराच्या संत्र्यावर सत्त्याण्णव टके कर राहतो.

या प्रकरणाचे मूळ माझ्या मते इथे आहे. शेजाऱ्यांनी मिळून जी पेटी उघडायचे ठरवले, तिच्यात दुखणे नव्हतेच. ते नियामक आणि पूरक शुल्काच्या पेटीत होते, आणि तिची किल्ली प्रत्येक देशाने आपल्या खिशात ठेवली आहे.

हा राग होता का?

विदर्भात एक समज पक्का आहे: आपण कांद्याची निर्यात बंद केली म्हणून बांगलादेशाने संत्र्यावर सूड उगवला. नाशिकचा कांदा आणि वरुडचा संत्रा, एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी. भाषणात हे छान वाजते.

कांद्याची गोष्ट खोटी नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२० मध्ये भारताने एकाएकी कांदा निर्यात थांबवली. ऑक्टोबर २०१९ मध्ये शेख हसीना दिल्लीत आल्या असताना त्यांनी भर कार्यक्रमात सांगितले की मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितले आहे. थांबवायचे होते तर आधी कळवायचे. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी आली. ज्या देशाच्या रोजच्या रस्स्यातला कांदा शेजारी न सांगता बंद करतो, तो देश शेजाऱ्याच्या फळाची फार काळजी करील अशी अपेक्षा कशाला?

पण कर लावताना बांगलादेशाने भारत निवडला नव्हता. सफरचंद, द्राक्षे, डाळिंब, चीनहून येणारी संत्री, सगळ्याच परदेशी फळांवर तो होता. आणि त्याची वेळ डॉलरशी जुळते. ऑगस्ट २०२१ मध्ये बांगलादेशाची परकीय गंगाजळी ४८ अब्ज डॉलरांवर होती, ती नंतर झपाट्याने ओसरली. २०२२ च्या सुरुवातीला एका डॉलरला ८६ टका पडत होते, २०२३ च्या अखेरीस सुमारे ११०. मे २०२२ मध्ये फळे, फुले, फर्निचर, सौंदर्यप्रसाधने अशा शंभरावर वस्तूंवर नियामक शुल्क चढवले गेले. आयातदाराला पतपत्र, म्हणजे परदेशी विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची हमी, उघडताना मोठी रक्कम आधीच रोख भरावी लागू लागली. जानेवारी २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ४.७ अब्ज डॉलरांचे कर्ज मंजूर केले. अशा कर्जामागे महसूल वाढवण्याचा आग्रह येतोच. ढाक्यातल्या अर्थखात्यासमोर परदेशी फळ ही चैनीची वस्तू होती, आणि डॉलर वाचवायचे झाले की पहिली कात्री चैनीवर चालते.

याचा पुरावा विदर्भातच आहे. यवतमाळ-अमरावतीचा कापूस, त्याचे सूत, हेही बांगलादेशालाच मोठ्या प्रमाणात जाते. कच्च्या कापसावर तिकडे सीमाशुल्क नाही. भारतावर राग असता तर तो कापसावरही निघाला असता. पण कापूस आत गेला की तयार कपडे होऊन बाहेर पडतो आणि डॉलर आणतो. संत्रा आत गेला की खाल्ला जातो आणि डॉलर संपतो. एकाच जिल्ह्यातल्या दोन पिकांना शेजाऱ्याच्या नाक्यावर वेगळी वागणूक मिळते ती एवढ्यावरून.

आणि बिमस्टेक?

बिमस्टेकची सुरुवात ६ जून १९९७ ची, बँकॉकमध्ये. आधी बांगलादेश, भारत, श्रीलंका, थायलंड. त्याच वर्षी म्यानमार आला, २००४ मध्ये नेपाळ आणि भूतान. उपसागराभोवतीच्या देशांची ही संघटना, तरी नेपाळ-भूतानला किनारा नाही. ते काही विचित्र नव्हे. किनारा विदर्भालाही नाही, पण वरुड-मोर्शीचे पाणी वर्धेतून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि तिथून त्याच उपसागरात जाते. आपला पाऊसही बराचसा त्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर अवलंबून.

मुक्त व्यापाराचा चौकट करार फेब्रुवारी २००४ मध्ये फुकेतला झाला. चौकट आहे, चित्र अजून नाही. सदस्यांनी कामे वाटून घेतली तेव्हा व्यापार, गुंतवणूक आणि विकास हे खाते बांगलादेशाकडे आले, शेती आणि अन्नसुरक्षा म्यानमारकडे, सुरक्षा भारताकडे. संत्र्याच्या दृष्टीने बघितले तर व्यापाराची सूत्रे कर लावणाऱ्याच्या हाती आणि शेतीची सूत्रे गृहयुद्धात सापडलेल्या देशाच्या हाती. सचिवालय २०१४ पासून ढाक्यातच आहे. सनद मार्च २०२२ मध्ये सही होऊन २० मे २०२४ ला लागू झाली, म्हणजे संघटनेचे कायदेशीर बारसे सत्ताविसाव्या वर्षी झाले.

तरी संघटना कुचकामी आहे असे मी म्हणणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकला सागरी वाहतुकीचा करार झाला. हवामानाचे सामायिक केंद्र नोएडात आहे. शेजाऱ्यांना समुद्राच्या बाबतीत भांडण मिटवता येते हेही दिसले आहे: भारत-बांगलादेश सागरी सीमेच्या वादात जुलै २०१४ मध्ये लवादाने २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला दिले आणि भारताने तो निवाडा मानला. मोठ्या रेषा आखता येतात. अडते ते नाक्यावर उभ्या असलेल्या ट्रकाशी. जून २०१५ मध्ये थिंफूला बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ यांनी मोटार वाहन करार केला. मालाची वाहतूक त्याने अजून सुरळीत झालेली नाही, आणि वरुडचा संत्रा आजही बेनापोलला एका गाडीतून उतरून दुसरीत चढतो. कॅरेट दोनदा उचलले गेले की सैल सालीच्या फळाचे काय होते, ते कोणत्याही हमालाला विचारा.

अनुदानाचा उपाय

राज्य सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये बांगलादेशातल्या आयातकराच्या निम्म्या भाराइतके अनुदान द्यायचे ठरवले आणि त्यासाठी सुमारे १७० कोटी रुपयांची तरतूद केली. हेतू चांगला होता. मला त्यात तीन अडचणी दिसतात आणि तिसरी सर्वांत मोठी.

पहिली वेळेची. डिसेंबरात आंबिया बराचसा तोडून झालेला असतो. दुसरी कागदाची. अनुदान निर्यातीच्या कागदावर मिळते आणि तो कागद निर्यातदाराच्या नावे असतो. बागेतला सौदा झाला तो इसारावर आणि तोंडी. निर्यातदाराला मिळालेल्या पैशातला किती वाटा धुऱ्यावर बसलेल्या काकापर्यंत येईल, हे पुढच्या सौद्यातल्या घासाघिशीवर सोडलेले.

तिसरी अडचण अशी की हा पैसा शेवटी जातो कुठे? आपण अमरावतीतून दिलेले अनुदान निर्यातदार ढाक्याचा कर सोसण्यासाठी वापरणार. म्हणजे महाराष्ट्राच्या तिजोरीतून निघून बांगलादेशाच्या तिजोरीत. कर लावणाऱ्याला त्याचा महसूलही मिळतो आणि मालही येत राहतो. त्याने कर कमी का करावा? झालेही तसेच. २०२४ च्या हंगामात किलोमागचा बोजा शंभर टक्यांपलीकडे गेल्याचे व्यापारी सांगत होते.

मागायचे काय

"कर रद्द करा" ही मागणी मला भाबडी वाटते. भारत बांगलादेशाला वर्षाला सुमारे १२ अब्ज डॉलरांचा माल विकतो आणि २ अब्जांचा घेतो, हे २०२२-२३ चे चित्र. अशा शेजाऱ्याला आणखी उधळपट्टी कर म्हणून सांगता येत नाही.

पण ठरावीक प्रमाणासाठी सवलत मागता येते, आणि ती पद्धत या समुद्राच्या काठावर जुनी आहे. भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार २००० पासून चालू आहे. त्यात श्रीलंकेच्या चहाला भारताने वर्षाला दीड कोटी किलोपर्यंत सवलत दिली, तयार कपड्यांना ८० लाख नगांपर्यंत. त्याच्या वर गेले की नेहमीचा कर. आपल्या चहामळेवाल्यांची ओरड त्या मर्यादेने बरीच शमली. संत्र्यासाठी अशीच मर्यादा ठरवता येईल: ऑक्टोबर ते डिसेंबर एवढ्याच महिन्यांपुरती, ठरावीक टनांपुरती, आणि मुख्य म्हणजे नियामक व पूरक शुल्कातून. नुसत्या सीमाशुल्कातून सूट घेऊन परत आलो तर वरचे ९७.२ चे गणित तसेच उभे राहील.

बदल्यात द्यायला भारताकडे काही आहे का? आहे. अल्पविकसित देश म्हणून बांगलादेशाला नोव्हेंबर २०११ पासून साफ्टाखाली भारतात दारू-तंबाखूच्या २५ वस्तू सोडून सगळे शून्य शुल्काने पाठवता येते. त्या गटातून बांगलादेशाने बाहेर पडायची ठरलेली तारीख २४ नोव्हेंबर २०२६ आहे. ती पुढे ढकला अशी मागणी तिकडचे कारखानदार करत आले आहेत. बाहेर पडल्यावर भारतीय बाजारातली सवलत टिकवायला त्यांना दिल्लीशी बोलावेच लागेल. भूतानने डिसेंबर २०२० मध्ये बांगलादेशाशी स्वतंत्र प्राधान्य व्यापार करार केला आणि जुलै २०२२ पासून तो लागूही झाला. सात जणांच्या पंगतीत जे वीस वर्षांत वाढले गेले नाही, ते दोघांनी दीड वर्षात उरकले.

भारत-बांगलादेश सर्वंकष आर्थिक भागीदारीचा अभ्यास २०२२ मध्ये पुरा झाला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तापालट झाला आणि ती वाट थबकली. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने जमिनीवरच्या नाक्यांतून सूत घेणे थांबवले, भारताने त्यांच्या मालाला आपल्या बंदरांतून तिसऱ्या देशात जाण्याची सोय काढून घेतली, मे महिन्यात त्यांचे तयार कपडे फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरांतून यावेत असे ठरवले. अशा वातावरणात संत्र्याचा विषय कोण काढणार, असे कोणी म्हणेल. मला उलट वाटते. सूत आणि कपडे हे दोन्ही बाजूंच्या मोठ्या कारखानदारांचे भांडण आहे, तिथे कोणी सहज मागे हटणार नाही. तीन महिन्यांचे, मोजक्या टनांचे फळ ही बोलणी पुन्हा सुरू करायला सोपी वस्तू आहे.

मात्र दिल्लीतल्या अधिकाऱ्याने विचारले की कोणत्या आठवड्यात, कोणत्या प्रतीचा, किती माल बेनापोलपार जातो, तर आपल्याकडे वरुडहून देण्यासारखे उत्तर नाही. ते आज व्यापाऱ्यांच्या वह्यांत आणि पेट्रापोलच्या कस्टम एजंटांच्या फायलींत विखुरलेले आहे. बागेतला सौदा कागदावर आला, त्यात प्रत, वजन आणि माल कुठे जाणार एवढे तीन रकाने भरले, तर मर्यादेचा आकडा मागायला आधार मिळेल आणि इसार देऊन भाव पाडणाऱ्यालाही थोडा चाप बसेल. हे काम बाजार समिती आणि शेतकरी उत्पादक कंपन्या पुढच्या आंबियापासून सुरू करू शकतात. त्याला ढाक्याची परवानगी लागत नाही.